हिशेब आणि वय

(खामगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वऱ्हाडातल्या जिनात किंवा गिरणीत जन्म घालविलेल्या कामगारासमोर ‘सेवासमाप्तीची नुकसानभरपाई’ हा शब्दप्रयोग उच्चारला तर तो क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहत राहील; परंतु ‘तुझा हिशेब झाला का?’ एवढेच विचारले तर त्या प्रश्नातले सगळे पेच त्याला तत्काळ उमगतील. हिशेब मिळाला, हिशेब घेतला, हिशेब अडकला, हिशेब बुडाला: एका नामाला जोडलेल्या या चार क्रियापदांत त्याच्या चाकरीचा शेवट कसा झाला ते सारे येऊन जाते. आज मला या शब्दाविषयी बोलावयाचे आहे. आणि त्यातही अशा माणसाच्या हिशेबाविषयी, की ज्याचे केस कारखान्याच्या आवारातच पांढरे झाले आणि ज्याला एके दिवशी सकाळी फाटकावर डकवलेल्या कागदावरून कळते की उद्यापासून भोंगा वाजणार नाही.

हा विषय खामगावात बोलण्याला औचित्य आहे. जलंबपासून इथवर आलेला आठ मैलांचा लोहमार्गाचा फाटा १८७० साली खुला झाला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येथे आला, तो काही आपल्या गावावरच्या लोभाने नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा दुष्काळ दाखविला होता, आणि वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी मुंबई बंदरात लौकरात लौकर पोहोचविणे ही साम्राज्याची निकड होऊन बसली होती. फाट्यामागून जीन आले, प्रेस आले, अडते, दलाल, मापारी आले, आणि त्यांच्यामागून आसपासच्या खेड्यांतून हमाल आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, आल्या. त्या गाठी कोणी किती खरेदी केल्या याच्या वह्या पेढ्यांनी जपून ठेवल्या. त्या गाठी बांधणाऱ्यांची नावे मात्र हजेरीच्या कागदावर लिहिली गेली, आणि तो कागद हंगाम संपताच रद्दीत जाई.

माझे वडील येथल्या एका जिनात दिवाणजी होते, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही. दसरा-दिवाळीला जीन सुरू होई आणि होळीच्या सुमारास थंडावे. थंडावला की रेजांचा आणि हमालांचा त्या वर्षापुरता संबंध सुटे. उरत ते दिवाणजी, चौकीदार आणि इंजिन सांभाळणारा एक मिस्तरी. ज्या मिस्तरींची हकीकत मी आज मधूनमधून सांगणार आहे, ते पहिले सात हंगाम रेच्यांना तेल घालणारे पोरगे म्हणून कामाला येत, आठव्या वर्षी कायम झाले, आणि त्यानंतर एकतीस वर्षे त्यांनी त्या जिनाच्या धुऱ्या आणि पट्टे सांभाळले. ते छपन्न वर्षांचे असताना, शहर वाढत वाढत जिनाच्या भिंतीला येऊन भिडल्यामुळे, आतल्या यंत्रांपेक्षा खालच्या जमिनीला अधिक मोल आले आणि जीन बंद झाला. मालकांच्या माणसाने मिस्तरींच्या पुढे एक छापील कागद ठेवला. ‘पैसे लवकर निघतील’ असे सांगितल्यावर त्यांनी सही केली. त्या कागदावर स्वखुशीचा राजीनामा लिहिलेला होता.

त्या काळी मी नवा नवा वकील होतो. ‘स्वखुशी’ या शब्दाचा अर्थ कायद्यात किती भयंकर असू शकतो हे मी त्या दिवशी प्रथम शिकलो. कारण आपल्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगारकपातीची व्याख्या करताना, कामगाराने आपण होऊन पत्करलेली निवृत्ती तिच्यातून वगळली होती. मालकाने काढले तर भरपाई. कामगार आपण होऊन गेला तर तिच्यावर पाणी. एका सहीने एकतीस वर्षांची बाकी पुसली जावी, आणि ती सही त्या माणसाच्याच हातची असावी, ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही.

परंतु ज्या कायद्याने ही पळवाट ठेवली त्यानेच हा हक्कही प्रथम निर्माण केला, आणि तो कसा झाला हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. १९४७ चा मूळ कायदा तंटे मिटविण्यापुरता होता. नोकरी गेली तर काय मिळावे याविषयी तो मौन होता. १९५३ साली कापडगिरण्यांत माल साठू लागला, पाळ्या बंद पडू लागल्या, आणि त्या वर्षीच्या २४ ऑक्टोबरला वटहुकूम निघाला. त्या वेळी व्ही. व्ही. गिरी हे केंद्रात मजूरमंत्री होते. स्वतः मजूरसंघटनेत मुरलेला हा गृहस्थ. वटहुकुमाने व त्यामागून आलेल्या कायद्याने असे ठरविले की, वर्षभर अखंड काम केलेल्या माणसाला कमी करावयाचे असेल तर त्याला एक महिन्याची नोटीस अथवा तितका पगार द्यावा, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला, तसेच सहा महिन्यांहून अधिक असलेल्या तुकड्याला, पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी. शेवटी आलेला आधी जाईल, आणि पुन्हा माणसे घ्यावयाची झाली तर काढलेल्याला आधी बोलवावे, हेही त्यात आले. जुन्या माणसाच्या दृष्टीने हा शेवटचा भाग पैशाइतकाच मोलाचा होता. कारण ज्येष्ठता हीच त्याची एकमेव मिळकत.

शाई वाळते न वाळते तोच या तरतुदीला पहिली चीर पडली, आणि ती पडली आपल्याच मराठी मुलखात. कुर्डुवाडीहून एकीकडे पंढरपूर-मिरजेला आणि दुसरीकडे बार्शी-लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने आदल्या दिवशीच आपल्या नोकरांची नोकरी संपविली. ती गाडी दुसऱ्या दिवशीही त्याच रुळांवरून धावली आणि बहुतेक माणसेही तीच राहिली. तरी कंपनीच्या दृष्टीने त्यांचा संबंध तुटला होता. संघटनेने भरपाई मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांचे म्हणणे ग्राह्य धरले. परंतु कंपनी विरुद्ध जोगळेकर या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी असा निर्णय दिला की, कपात म्हणजे चालू धंद्यातली जादा माणसे कमी करणे. धंदाच संपला तर ती कपात नव्हे. म्हणजे मालकाने दहा माणसे काढली तर भरपाई द्यावयाची, आणि दहांसकट सारा कारखानाच मोडला तर एक छदामही नाही! तर्काच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष असेलही. पण निर्दोष तर्काने माणसांची कशी उपासमार होऊ शकते याचे दुसरे इतके चोख उदाहरण मला ठाऊक नाही. त्या काळच्या संसदेची तत्परता मात्र वाखाणण्यासारखी होती: १९५७ च्या दुरुस्तीने धंदा हस्तांतरित झाला किंवा बंद झाला तरी भरपाई देय ठरविली, आणि तीही मागे जाऊन, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू केली.

येथेही एक आडपडदा राहून गेला, आणि आमच्या मिस्तरींना तोच नडला. कपातीच्या बाबतीत पैसा आधी, निरोप मागून, असा क्रम आहे. मुंबईच्या जे. जे. समूहातल्या रुग्णालयांतील सेविकांना भरपाई न देता कमी केले तेव्हा १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या लेखणीने, ती कृतीच निरर्थक ठरविली. पैसे दिले नाहीत म्हणून नोकरी गेलीच नाही, असे मानले. परंतु कारखाना बंद करण्याच्या बाबतीत हा दंडक न्यायालयांनी लावला नाही. तेथे निरोप आधी आणि पैसा मागून. आणि तो ‘मागून’ किती मागून, याला काही धरबंद नाही. त्यावर मालकाला बंद करणे ‘आपल्या हाताबाहेरच्या अपरिहार्य कारणाने’ भाग पडले असेल, तर कितीही वर्षांची नोकरी असो, भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनावर थांबते. केवळ आर्थिक अडचण किंवा न खपलेला माल हे अपरिहार्य कारण नव्हे, असे स्पष्टीकरण कायद्याने जोडले आहे खरे. परंतु ते स्पष्टीकरण न्यायालयात सिद्ध करून घेईपर्यंत छपन्न वर्षांचा मनुष्य साठीला पोहोचतो.

रेजांची गोष्ट तर याहून वेगळी. भरपाईसाठी मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलेले असावे लागते, आणि ज्या जिनाचा हंगामच पाच महिन्यांचा, त्यातली बाई हा आकडा गाठणार तरी कशी? येथे १९७२ चा उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा अधिक उदार निघाला. हंगामी आस्थापनेत जितके दिवस काम चालले त्यांपैकी तीन चतुर्थांश दिवस जो आला त्याचे ते वर्ष अखंड नोकरीचे समजावे, आणि त्याला दर हंगामाला सात दिवसांचे वेतन द्यावे, असे त्याने सांगितले. पण ते मागण्यासाठी आपण आलो होतो हे सिद्ध करणारा कागद हवा, आणि कागदाची गती मी वर सांगितलीच आहे. शेतावरच्या सालदाराची तर याहीपेक्षा शोचनीय अवस्था. वीस वर्षे एकाच मालकाच्या बैलांचे शेणपाणी केल्यावर गुढीपाडव्याला ‘यंदा नको’ एवढेच त्याला ऐकावे लागते. त्याच्यापर्यंत या कायद्यांचा हात जात नाही, आणि तो लांबविण्याची कोणाला घाई असलेलीही दिसत नाही.

आता आकड्यांकडे वळू. समजा, शेवटचे वेतन दरमहा १३,००० रुपये आणि नोकरी ३० वर्षांची. उपदान काढताना महिन्याचे दिवस २६ धरतात. म्हणून पंधरा दिवसांचे ७,५०० रुपये होतात, आणि तीस वर्षांचे २,२५,०००. कपातीच्या भरपाईत हा सव्वीसाचा भाजक नाही; तेथे अर्धा पगार ६,५०० आणि तीस वर्षांचे १,९५,०००. दोन्ही मिळून ४,२०,००० रुपये. हे दोन्ही हक्क स्वतंत्र आहेत. एक दिला म्हणून दुसरा फिटत नाही, आणि ‘सगळे एकत्रच दिले’ असे सांगणाऱ्या मालकाकडून कोणत्या सदराखाली किती दिले हे लिहून घेण्याचा कामगाराला अधिकार आहे. मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण एका सदराची रक्कम दाखवून दोन सदरांची पावती लिहून घेण्याची कला आमच्या भागातही अनेकांना अवगत आहे.

बेरीज पाहून कोणी म्हणेल, चार लाख वीस हजार ही काही उणी रक्कम नव्हे. मी त्यांना विचारतो, कोणाला? पस्तिशीतल्या माणसाला ही रक्कम म्हणजे दुसऱ्या नोकरीपर्यंतचा पूल आहे. पंचावन्नाव्या वर्षी मात्र पलीकडचा काठच नसतो. वय हे आपल्या हिशेबातून गहाळ झालेले सदर आहे. पंधरा दिवसांचे हे माप मागे सरलेली वर्षे मोजते, पुढे उरलेली मोजीत नाही. आणि मागची वर्षे मोजतानाही पंचविशीत घातलेले वर्ष आणि पन्नाशीत घातलेले वर्ष यांना एकाच तराजूत टाकते. वास्तविक पन्नाशीतल्या प्रत्येक वर्षागणिक तो माणूस बाजारातून एकेक पाऊल मागे सरत असतो, कारण त्याचे कौशल्य त्या एका यंत्राशी जखडले जात असते. दुसऱ्या जिनात नव्या बनावटीची यंत्रे असतात, आणि मुकादम म्हणतो, ‘पोरगा द्या.’ त्याच्या हातून गेली ती केवळ नोकरी नव्हे: जिनाच्या आवारातली खोली गेली, किराणा दुकानातली उधारी गेली, आणि मुलीचे स्थळ पाहताना ‘वडील मिस्तरी आहेत’ म्हणण्याची सोयही गेली.

विलायतेने हे १९६५ सालीच ओळखले. तेथील त्या वर्षीच्या कायद्याने बाविशीच्या आतल्या वर्षांना अर्ध्या आठवड्याचे, बावीस ते चाळीस या वयातल्या वर्षांना एका आठवड्याचे आणि एक्केचाळिसाव्या वर्षापासून पुढच्या प्रत्येक वर्षाला दीड आठवड्याचे वेतन ठरवून दिले. तेथे वीस वर्षांपलीकडची नोकरी मोजत नाहीत आणि आठवड्याच्या वेतनालाही मर्यादा आहे, म्हणून त्यांची रक्कम आपल्यापेक्षा नेहमीच मोठी ठरेल असे नाही; पण वय हे भरपाईचे माप आहे, हे तत्त्व तेथे कायद्याच्या मजकुरात उतरले. आपल्याकडे पुढची वर्षे मोजण्याचा प्रयत्न झाला तो सार्वजनिक उपक्रमांच्या स्वेच्छानिवृत्तीपुरता. ‘गुजरात नमुना’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या योजनेत झालेल्या दर वर्षाला ३५ दिवस आणि उरलेल्या दर वर्षाला २५ दिवस असा हिशेब होता. ऐकावयास हे फार न्याय्य वाटते. परंतु थोडा विचार केला तर कळेल की निवृत्तीला एकच वर्ष उरलेल्या म्हाताऱ्याच्या पदरात त्या दुसऱ्या मापाचे पंचवीस दिवसच पडतात, आणि वीस वर्षे उरलेला तरुण पाचशे दिवस घेऊन जातो. उरलेली नोकरी आणि उरलेले आयुष्य यांची ही गल्लत आहे. नोकरीला एक वर्ष उरले म्हणून पोटही एकच वर्ष उरते असे नव्हे.

म्हणून माझे मत असे, की पंचेचाळिशीनंतरच्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला पंधराऐवजी तीस दिवसांचे वेतन असावे. नव्या औद्योगिक संबंध संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे, पंधरा दिवसांचा आकडा तसाच ठेवला. तथापि सरकारने अधिसूचनेद्वारे दिवसांचे निराळे प्रमाण ठरवावे, अशीही मुभा तिच्यात ठेवली. किल्ली घडविलेली आहे, कुलूप कोणी उघडावयाचे एवढाच प्रश्न. त्याच संहितेने कपात झालेल्या माणसाच्या खात्यात पुन्हा कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचे वेतन जमा करावे असे सांगितले. हेतू स्तुत्य आहे. फक्त छपन्न वर्षांच्या मिस्तरीने पंधरा दिवसांच्या पैशात कोणती विद्या शिकावी हे संहिता सांगत नाही. आणि कपातीपूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन, जे पूर्वी शंभर कामगारांपासून लागू होत असे, ते आता तीनशेंपासून आहे. आमच्या जिल्ह्यातले तीनशे कामगारांचे कारखाने मोजावयाला दोन्ही हातांची बोटे लागतील की नाही, शंका आहे.

हक्क सिद्ध झाल्यावरही वसुलीची वाट उरतेच. देय रकमेचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती वसूल व्हावी अशी तजवीज आहे. दाखला तहसील कचेरीत उतरतो, तेथून मंडल अधिकाऱ्याकडे, तेथून तलाठ्याकडे. तोवर यंत्रे भंगारात गेलेली असतात, जमिनीवर बँकेचा बोजा चढलेला असतो, आणि जप्तीच्या पंचनाम्यात ‘मोडके टेबल एक, लोखंडी कपाट एक, कुलूपबंद’ अशी मालमत्ता नोंदविली जाते. नादारी व दिवाळखोरी संहितेने कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला तारणधारक धनकोंच्या पंक्तीला बसविले आहे, हे मोठेच आहे. पण कामगाराला त्या पंक्तीचे निमंत्रण क्वचितच वेळेवर पोहोचते. दुसरबीडच्या जिजामाता सहकारी साखर कारखान्याचे धुराडे थंडावलेले आपण पाहिले. सभासदांच्या ऊसबिलाची चर्चा चावडीवर होते, कर्जाची चर्चा वर्तमानपत्रांत होते; बॉयलरवरच्या माणसाची चर्चा त्याच्या घरातच होते.

याच नागपूर-वऱ्हाडात एके काळी निराळे वळण होते, हेही नोंदवितो. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि १९०१ साली, म्हणजे कोणताही कायदा सक्ती करीत नसताना, तिने कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी काढला. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना बालपरवेशी लावून देत. चाकरी संपली तरी चाकराचे घर धन्याच्या हिशेबात राही. या दोन गोष्टींत शतकाचे अंतर आहे, आणि दोन्हींत धन्याची मर्जी आहे, हक्क नाही. म्हणून मी त्यांचे गोडवे गात नाही. फक्त कायद्याच्या सक्तीने जे आज होत नाही ते पूर्वी कधी कधी लाजेने होत असे, एवढेच.

आणि हिशेबाची शेवटची ओळ म्हणजे निवृत्तिवेतन. बावन्नाव्या वर्षी नोकरी गेलेला माणूस हातात काही नाही म्हणून मुदतीआधीच कर्मचारी पेन्शन सुरू करतो, आणि अठ्ठावन्नाला जितकी वर्षे कमी तितक्या वेळा चार टक्क्यांची काट त्याला जन्मभर लागते. त्याला काढणाऱ्याच्या हिशेबात या काटेचा उल्लेखही नसतो. १ सप्टेंबर २०१४ पासून या पेन्शनची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरली. ती ७,५०० व्हावी, वर महागाई भत्ता आणि औषधोपचार मिळावे, ही मागणी देशभर नेणाऱ्या राष्ट्रीय संघर्ष समितीचे नेतृत्व आपल्या जिल्ह्यातील कमांडर अशोक राऊत यांच्याकडे आहे, आणि तिचे साखळी उपोषण २४ डिसेंबर २०१८ रोजी बुलढाण्यातच सुरू झाले. मी त्या मंडपात जाऊन बसलो आहे. तेथे पाळी लावून उपाशी राहणाऱ्यांत सत्तरी उलटलेली माणसे होती, आणि ज्यांनी चाळीस वर्षे पाळीवर काम केले त्यांना उपोषणाचीही पाळी लावता येते, याचे त्यांना स्वतःलाच हसू येत होते.

मिस्तरींचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. राजीनामा फसवून घेतल्याचे शाबीत करण्यास आम्हाला नऊ वर्षे लागली. त्यात मदत झाली ती एका पगारपुस्तिकेची आणि माझ्या वडिलांनी सवयीने जपून ठेवलेल्या दोन हजेरीवह्यांची. पैसे मिळाले त्या दिवशी ते माझ्या कचेरीत आले, नोटा दोनदा मोजल्या, उपदान किती आणि भरपाई किती हे कागदावर वेगवेगळे लिहून घेतले. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, “भाऊ, हे एकतीस वर्षांचं झालं. त्या सात हंगामाचं काय मंग?”

त्या सात वर्षांच्या वह्या दिवाणखान्याच्या माळ्यावर वाळवीने खाल्लेल्या होत्या. मी तसे सांगितले. त्यांनी नोटांची गड्डी रुमालात बांधली, आणि त्या हंगामांत आपल्यासोबत रेच्यावर कोण कोण होते, त्यांतले कोण अजून हयात आहेत, ती नावे एकामागून एक मला सांगू लागले. मी लेखणी उचलली.